कन्फाइन, रिस्ट्रेन, इंटर्न, इम्पाउंड: अर्थभेद कसा करावा?

शब्दवेडी:
ब्रिटिश अमदानीतील तुरुंगांविषयीच्या काही इंग्रजी लेखांचे मराठी भाषांतर मी करत आहे. त्यांत कन्फाइन, रिस्ट्रेन, डिटेन, इंटर्न आणि इम्पाउंड ही क्रियापदे वारंवार येतात. शब्दकोशांत सर्वांपुढे 'अडकवणे', 'कोंडणे', 'बंदिस्त करणे' असेच अर्थ सापडतात. मूळ लेखकाने मात्र ती जाणीवपूर्वक वेगळी योजली आहेत. जाणकारांनी त्यांतील भेद उलगडून सांगावा, ही विनंती.

सह्यकडा:
पहिल्या दोहोंसाठी १८६० ची भारतीय दंड संहिता पाहावी. तिची ३३९ व ३४० ही कलमे याच भेदावर उभी आहेत. ज्या दिशेने जाण्याचा माणसाला हक्क आहे, त्या दिशेने त्याला जाऊ न देणे म्हणजे रिस्ट्रेन. त्याची वाट अडते, पण मागे फिरून तो अन्यत्र जाऊ शकतो. कन्फाइनमध्ये मात्र सर्व बाजूंनी हद्द आखली जाते. लॅटिनमधील 'फिनिस', म्हणजे सीमा, हेच त्या शब्दाचे मूळ आहे. त्यासाठी कुलूप लागतेच असे नाही: इमारतीच्या दारांशी बंदूकधारी माणसे ठेवून 'बाहेर पडलास तर गोळी घालतील' असे आतल्या माणसाला बजावणे, हे उदाहरण संहितेनेच दिले आहे. शिक्षाही पहिल्या गुन्ह्याला एक महिन्यापर्यंत आणि दुसऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची होती. त्यामुळे रिस्ट्रेनसाठी 'अटकाव करणे' आणि कन्फाइनसाठी 'कोंडून ठेवणे' असे लिहावे; दोन्हीकडे 'कोंडणे' वापरल्यास कायद्याचा अर्थच बिघडतो.

पिंपळपान:
इंटर्न या शब्दात गुन्हा आणि खटला अभिप्रेत नसतो, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना अहमदनगर, देवळाली आणि डेहराडून येथील छावण्यांत ठेवले गेले, ते शत्रुराष्ट्राचे नागरिक होते म्हणून. डिटेनची व्याप्ती याहून मोठी आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीतील त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात खटल्याविना डांबले गेले, तेथे डिटेन हाच शब्द योग्य. याउलट लोकमान्यांचा १९०८ ते १९१४ हा मंडालेचा तुरुंगवास राजद्रोहाच्या खटल्यातील शिक्षेचा होता, म्हणून तेथे 'कारावास' शोभतो, 'स्थानबद्धता' नव्हे. एवढा एक शब्द चुकला, तरी वाचकाच्या मनात निरपराध माणूस गुन्हेगार ठरतो.

सह्यकडा:
इम्पाउंडमधील पाउंड म्हणजे आपला कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्यात, पिकांत शिरलेली जनावरे नेण्याची जागा म्हणून तो येतो. पुढे हे क्रियापद वाहने आणि कागदपत्रे यांनाही लागले. पासपोर्टच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सीझ म्हणजे ताब्यात घेणे आणि इम्पाउंड म्हणजे ताब्यात ठेवून घेणे, असा भेद स्पष्ट केला आहे. धरणाच्या संदर्भात याच शब्दाचा अर्थ पाणी अडवून साठवणे असा होतो.

शब्दवेडी:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. डिटेनसाठी 'स्थानबद्ध करणे' आणि इंटर्नसाठी 'युद्धकाळात छावणीत स्थानबद्ध करणे' असे योजते. जनावरांच्या संदर्भात 'कोंडवाड्यात घालणे' ठेवते. कागदपत्रांसाठी मात्र 'जप्त करणे' न लिहिता 'ताब्यात ठेवून घेणे' लिहीन.