ट्रिगरचा विलंब वेळेत भरावा की अंतरात?

मूळ मुद्दा
आमच्या बाटल्यांच्या लाइनवर लेबल तपासणाऱ्या कॅमेऱ्याच्या १५० मिलिमीटर अलीकडे फोटो-सेन्सर आहे. साखळीपट्टा सेकंदाला १ मीटर धावतो, म्हणून कॅमेऱ्यात १५० मिलिसेकंदांचा ट्रिगर-विलंब (सेन्सरला बाटली दिसल्यापासून फोटो काढण्याचा इशारा, म्हणजे ट्रिगर, मिळेपर्यंतचा वेळ) भरून ठेवला होता. एके दिवशी फिलर (बाटल्या भरणारे यंत्र) अडखळू लागल्याने ऑपरेटरने पट्टा सेकंदाला ०.८ मीटरवर आणला. त्याच १५० मिलिसेकंदांत बाटली १२० मिलिमीटरच पुढे आली, लेबलची मागची कड चौकटीबाहेर राहिली आणि चांगला माल रिजेक्टच्या ट्रेमध्ये जाऊ लागला. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की विलंब मिलिसेकंदांत भरूच नये; एन्कोडरचे (पट्टा ठरावीक अंतर सरकला की एकेक विद्युत-पल्स देणारे उपकरण) पल्स मोजून ट्रिगर द्यावा, म्हणजे पट्टा कितीही हळू झाला तरी अंतर तेवढेच राहते.

प्रतिसाद १
असहमत. एन्कोडर पट्ट्याचे अंतर मोजतो, बाटलीचे नव्हे. साबणपाणी सोडलेल्या पट्ट्यावर बाटल्या घसरतात, पुढे दाटी झाली की पट्टा खालून सरकत राहतो आणि बाटली जागच्या जागी थबकते. तुमचा खरा दोष १५० मिलिमीटरांचे अंतर हाच आहे. सेन्सर १० मिलिमीटरांवर आणला असता, तर त्याच वेगबदलात चूक ३० ऐवजी २ मिलिमीटर झाली असती, तीही एन्कोडरवर एक रुपया खर्च न करता.

मूळ लेखक
घसरण्याचा मुद्दा मान्य, परंतु दिव्याचा घुमट आणि गाइड-रेल यांच्यामधून सेन्सर तेवढ्या जवळ बसत नाही. ड्रॉइंगवर जागा दिसते, प्रत्यक्षात तिथे पानाही फिरत नाही. दाटीच्या वेळी पुढचा सेन्सर झाकला जातो, त्याचा सिग्नल घेऊन तपासणी थांबवता येते.

प्रतिसाद २
एन्कोडर घेतलात तरी त्याचे पल्स पीएलसीच्या (लाइन चालवणारा नियंत्रक) साध्या इनपुटवर देऊ नका. त्याचा स्कॅन, म्हणजे इनपुट वाचण्याची एक फेरी, १० मिलिसेकंदांचा असेल, तर आपल्या वेगाला जागेत १० मिलिमीटरपर्यंत विखुरणी येते, आणि ती दर बाटलीला निराळी असल्याने विलंब बदलून भरून काढता येत नाही. स्कॅनची वाट न पाहता पल्स मोजणारा हायस्पीड काउंटर वापरा किंवा पल्स थेट कॅमेऱ्याने मोजावेत.

प्रतिसाद ३
तिघेही ट्रिगरवर भांडत आहेत, एक्स्पोजरकडे, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्याकडे, कोणाचेच लक्ष नाही. सेकंदाला १ मीटर म्हणजे १०० मायक्रोसेकंदांत ०.१ मिलिमीटर. १२८ मिलिमीटरांची चौकट १२८० पिक्सेलांवर घेतली, तर तेवढ्यात एक पिक्सेल पुसट होतो. ऑटो-एक्स्पोजरने १०० चे ५०० मायक्रोसेकंद केले, तर पाच पिक्सेल ओघळतात, शिवाय एक्स्पोजरचा मध्यही २०० मायक्रोसेकंद पुढे सरकतो. लेबल आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर हे चालून जाईल. बॅच-क्रमांक वाचायचा असेल, तर चालणार नाही. एक्स्पोजर बांधून ठेवा आणि कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर-आउटपुटवरून स्ट्रोब (फोटोच्या क्षणापुरता चमकणारा दिवा) लावा.

प्रतिसाद १
स्ट्रोबबद्दल दुमत नाही. मात्र मूळ लेखकाने घुमटाचे ब्रॅकेट २० मिलिमीटर वर सरकवून पाहिले का, हे अजून सांगितलेले नाही.