ब्रायंट संग्रहालय, टस्कलूसा : तुम्ही काय पाहिलंत?

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या आवारात पॉल 'बेअर' ब्रायंट या फुटबॉल प्रशिक्षकाचं संग्रहालय आहे. 1988 साली उघडलं. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून धावायचा, खांद्यांवर पॅड चढवून धडका द्यायचा. शिक्षण-नोकरीसाठी इकडे आलेली मराठी मंडळी आपल्या पाहुण्यांना तिथे नेतातच. तुम्ही गेला असाल तर लिहा. खेळ कळत नसला तरी लिहा.

१.
मुलगी इथे पीएचडी करते. म्हणाली, "बाबा, हे बघितल्याशिवाय गाव कळायचं नाही." मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला, त्यामुळे पहिल्याच गोष्टीने पकडलं. हा माणूस 1913 मध्ये अर्कान्सामधल्या मोरो बॉटम नावाच्या वस्तीत, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पोरवयात फोर्डाइसच्या थिएटरात अस्वलाशी कुस्ती धरली, तिथून 'बेअर' हे नाव चिकटलं. पुढे प्रशिक्षक म्हणून 323 सामने जिंकले. अलाबामाला 1961 ते 1979 या काळात सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

त्यांचं कार्यालय तिथे पुन्हा उभं केलंय. पण माझा पाय अडला तो काचेच्या टोपीपाशी. ब्रायंट मैदानात काळ्यापांढऱ्या चौकटींची टोपी घालायचे, तीच आयर्लंडमधल्या वॉटरफर्डच्या कारागिरांनी स्फटिकात घडवलीय. अगदी जवळ गेलं की एकेक चौकट काचेत कापलेली दिसते, आणि आपण जरा हललो की उजेड एका चौकटीतून दुसरीत सरकतो. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आले, डोक्यावरची कॅप काढून हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या तालमीत वस्तादांच्या फोटोसमोर माणसं अशीच उभी राहतात.

२.
काका, टोपीचं वाचून पुन्हा जावंसं वाटलं! माझ्या टीममधल्या एकाचं पाळण्यातलं नाव ब्रायंट आहे, वडिलांनी कोचवरून ठेवलेलं. अशा नावाच्या लोकांचा मेळावा हे संग्रहालय भरवतं. तो अभिमानाने जातो.

३.
वरचं सगळं पटलं, पण एक बाजू मांडायलाच हवी. याच आवारात, फॉस्टर सभागृहाच्या दारात, 11 जून 1963 रोजी अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले होते. ब्रायंट तेव्हा इथेच प्रशिक्षक होते, 1958 पासून. त्यांचा संघ मात्र आणखी कितीतरी वर्षं फक्त गोऱ्यांचाच राहिला.

1970 मध्ये बर्मिंगहॅमला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने त्यांना 42-21 असं हरवलं. त्या संघातल्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाचा बचाव फोडून काढला. या एका पराभवाने अलाबामा बदललं असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाची शिष्यवृत्ती त्याआधीच मिळाली होती; पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची तेव्हा परवानगी नव्हती, म्हणून तो मैदानात दिसला नाही. 1971 मध्ये जॉन मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू अलाबामाकडून मैदानात उतरला. पुढे ब्रायंटनी त्यालाच आपला सहायक प्रशिक्षक नेमलं.

मला ब्रायंट मोठे वाटतात, म्हणूनच टोचतं. त्या राज्यात त्यांच्या शब्दाला जेवढं वजन होतं, तेवढं फार थोड्यांच्या शब्दाला असेल. त्यांनी तो आधी खर्च करायला हवा होता. संग्रहालयातून निघाल्यावर फॉस्टर सभागृहापर्यंत जरूर जा. तिथे त्या दिवशी अडवलेल्या मॅलोन आणि हूड या विद्यार्थ्यांच्या नावाचा चौक आहे, विद्यापीठातल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ऑथरीन लूसी यांच्या नावाचा घड्याळाचा मनोराही. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी बघा, मुलांना घेऊन.

४.
सामन्याच्या शनिवारी जाऊ नका. जवळच्या स्टेडियममध्ये लाखभर माणूस येतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. मधल्या वारी जा, निवांत बघता येतं.

५.
आई-वडिलांना घेऊन गेले होते. दोघेही निवृत्त शिक्षक. शेवटचा सामना 29 डिसेंबर 1982 चा आणि मृत्यू 26 जानेवारी 1983 चा, हे वाचून आई गप्पच झाली. वडिलांना मात्र शिष्यवृत्तीची गोष्ट भावली. आपल्या हाताखाली खेळलेल्या खेळाडूंच्या मुलांना अलाबामात शिकता यावं म्हणून ब्रायंटनी निधी उभारला होता. मैदान सोडलेल्या पोरांच्या पोरांचीही काळजी! जेवताना वडील त्यावरच बोलत होते. कुणाला त्या निधीतून शिकलेलं कुणी भेटलंय का? असेल तर त्यांचं ऐकायला आवडेल.