नॅस घेताना आधी प्रोसेसर बघा

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घेताना दोन बे (डिस्क बसवायच्या जागा) हवेत की चार, यावरच सगळी चर्चा चालते. पण मीडिया सर्व्हरसाठी, म्हणजे त्यावरचे सिनेमे टीव्हीवर बघायला घेताय, तर आधी प्रोसेसर बघा. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालवता आली तर साधं एआरएम (फोनमध्ये असते तशा) चिपवालं नॅसही पुरतं. अडतं ते ट्रान्सकोडिंगला, म्हणजे टीव्हीला चालेल अशा रूपात व्हिडिओ चालता चालता बदलायला. माझ्याकडे एक सिनेमा सबटायटल बंद असताना सुरळीत चालायचा, सुरू केली की दर काही सेकंदांनी अडकायचा. ब्लू-रेवरची पीजीएस सबटायटल म्हणजे खरं तर चित्रं. टीव्हीच्या अ‍ॅपला ती दाखवता आली नाहीत, की सर्व्हर ती व्हिडिओवरच छापतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड! शेजारी एसआरटी (साध्या मजकुरातल्या सबटायटलची) फाइल ठेवली आणि त्रास संपला. तरीही क्विक सिंक (ट्रान्सकोडिंगसाठीचा खास भाग) असलेला इंटेल प्रोसेसरच घ्या. जेलीफिन या मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (अशा खास भागाकडून होणारं) फुकट आहे, प्लेक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला प्लेक्स पास हे पैसे देऊन घ्यायचं सदस्यत्व लागतं.

डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) घ्या, एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) नको. रेड (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र वापरायची मांडणी) डिस्क बदलल्यावर पुन्हा उभारताना एसएमआर डिस्क फार रखडते. आणि हो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. घरचे फोटो नॅसवर ठेवणार असाल, तर वेगळ्या डिस्कवर एक प्रत ठेवाच, अगदी कळकळीने सांगतो.