आईच्या दाराला कॅमेऱ्याची बेल बसवायची आहे, मदत हवी

माहेरवाशीण:
नमस्कार मंडळी. आई साताऱ्याला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे. बेल वाजली की वॉकर सरकवत दारापर्यंत जायला तिला चांगली दोन मिनिटं लागतात, तोवर कुरिअरवाला जिना उतरून गेलेला असतो. गेल्या महिन्यात अशीच घाईने उठली आणि उंबऱ्याशी तोल गेला. हाड वाचलं, पण इथे बंगळुरात माझी झोप उडाली.

म्हणून व्हिडिओ बेल मागवली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने बघावं, बोलावं, एवढंच हवंय. वायरमन म्हणतो, "जुन्या बेलच्या वायरीवर जोडून देतो, दहा मिनिटांचं काम." पण खोक्यावर १६ ते २४ व्होल्ट एसी लिहिलंय. जोडू द्यावं का?

दुसरी अडचण नाजूक आहे. समोरच्या काकूंचं दार आमच्या दारासमोर जेमतेम पाच फुटांवर. आमची एक किल्ली वीस वर्षं त्यांच्याकडे असते. कॅमेरा त्यांच्या घरात डोकावतोय असं त्यांना वाटायला नको.

जुना वायरमन:
ताई, आधी त्याला फोन करून थांबवा. आपल्याकडे बेलच्या बटणापर्यंत सरळ २३० व्होल्ट आलेले असतात. तुमची बेल ज्या देशांसाठी बनली, तिथे मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणाला कमी दाबाची वीज मिळते. थेट जोडलीत तर बेल जळेल, आणि बाहेर उभ्या माणसाच्या जिवालाही धोका.

ट्रान्सफॉर्मर बसवता येतो, पण बटणाच्या डबीत बहुधा न्यूट्रल (वीज परतीची वायर) नसतो. फेज (वीज आणणारी वायर) येतो आणि एक वायर आत बेलकडे जाते, बस्स. त्यामुळे काम आत, बेलच्या पॉइंटवर करावं लागतं. आईंच्या घरात एवढा खटाटोप नको. बेल परत करा आणि बॅटरीवाली घ्या. जुनी बेल काढून टाकू नका. वायफाय गेलं तरी बॅटरीवाली बेल घराबाहेर वाजेल, आत कळणार कसं? म्हणून सोबत स्वतःचा चाइम (घरात ठेवायचा, वाजणारा छोटा डबा) असलेली आणि त्या चाइमशी वायफायशिवाय बोलणारी बेल शोधा. तशा मिळतात. राउटरला छोटा यूपीएस लावा.

रेडिंगकर:
मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे दर दुसऱ्या दाराला ही बेल दिसते. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयात एका शेजारणीने कॅमेरे आणि बेल यांवरून दावा लावला आणि जिंकली. न्यायाधीशांना चित्रापेक्षा आवाजाचं रेकॉर्डिंग जास्त खटकलं, कारण लांबवरची खाजगी बोलणीही त्यात पकडली जात होती. तो कायदा इथला, पण मुद्दा तुमच्या काकूंनाही लागू पडतो. हालचालीवरचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा, फक्त बटण दाबल्यावर चालू होऊ दे. बॅटरीही खूप जास्त टिकते. नाहीतर काकू केर काढायला बाहेर आल्या तरी कॅमेरा जागा होणार.

माहेरवाशीण:
दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी साताऱ्याला जाऊन आले, तेच सांगते.

बॅटरीची बेल घेतली. ॲपमध्ये कितीतरी सोयी होत्या, मी फक्त चित्राचा आकार बघितला: उभं चित्र, डोक्यापासून पायापर्यंत. खाली ठेवलेलं पार्सल आईला दिसायला हवं. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर, दर महिन्याचे पैसे नकोत.

चौकट ग्रॅनाइटची. चिकटपट्टी लावून बघितली, पण पावसाळ्यातल्या ओलीवर माझा भरवसा नाही. म्हणून शेजारच्या भिंतीत सहा एमएमची दोन भोकं, गिट्टी, स्क्रू. उंची जमिनीपासून चार फूट. बेलच्या मागे तिरकी पाचर लावली, त्यामुळे कॅमेरा जिन्याकडे वळला. उरलेला काकूंच्या दाराचा कोपरा ॲपमध्ये काळा करता आला. आमचं सेफ्टी डोअर लोखंडी आहे, ते बंद केलं की वायफाय मंदावायचं. राउटर हॉलच्या कपाटामागून काढून दाराजवळच्या शेल्फवर आणला आणि बेल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडली, तेव्हा चित्र अडखळायचं थांबलं.

भोकं पाडायच्या आधी काकूंना बोलावून फोनवर दाखवलं, तुमचं दार यात येत नाही. त्यांनी स्वतः दाराबाहेर उभं राहून खात्री केली. मला फार बरं वाटलं. हे विचारायला मी आठ दिवस कचरत होते.

आईला माझा पासवर्ड दिला नाही, तिला वेगळं खातं काढून जोडून घेतलं. माझ्या खात्याला ओटीपीची दुसरी पायरी लावली. जुना टॅब तिच्या खुर्चीशेजारी स्टँडवर, कायम चार्जिंगला. पहिल्या दिवशी ती हिरव्या बटणाऐवजी टॅबच्या काठावरच बोट टेकवत होती. मग मी त्या जागेसमोर काठावर कुंकवाचा ठिपका लावला. सोमवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी ऑफिसात ॲप उघडून बसलेच होते. दारात इस्त्रीवाला, आणि वर आईचा आवाज: "आले रे, बस जरा पायरीवर, घाई नाही."

आता प्रश्न एकच उरला. चार्जिंगसाठी बेल काढायला खालच्या भोकात पिन घालावी लागते, ते आईला जमणार नाही. काकूंचा मुलगा करतो म्हणालाय. पिन चाइमच्या मागे टेपने चिकटवून ठेवली आहे.