आपली माणसं 🌿 (माई अपडेट)

दादा: माईला ॲडमिट करून आज तिसरा दिवस. सीटी झालं, एमआरआय झालं. आता गळ्याच्या धमन्यांची सोनोग्राफी (डॉप्लर), हृदयाची सोनोग्राफी (टूडी इको), वर २४ तास हृदयाचे ठोके नोंदवणारा होल्टर. झटका मेंदूला आलाय की हृदयाला? बिल मी भरतोय म्हणून विचारतो.

मीनाताई: बिलाचं आपलं ठरलंय ना? ग्रुपवर कशाला?

अप्पाकाका: 🙏 आंघोळीला पहिला तांब्या डोक्यावर घेऊ नये. आधी पाय, मग खांदे. लकवा यामुळेच येतो. सर्वांना पाठवा.

डॉक्टरवहिनी: भाऊजी, सीटी केलं ते रक्तस्राव नाही ना, हे बघायला. गुठळी आहे हे कळलं. ती आली कुठून? गळ्यातल्या धमनीतून, हृदयातून, की मेंदूतलीच बारीक नस बंद झाली? पुढची गोळी त्यावर ठरते.

सुधाआत्या: आमच्या ह्यांना नुसती ॲस्पिरिन दिली होती. होल्टर-बिल्टर काही नव्हतं.

पिंट्या: आतोबांनी बांधू दिला असता का आत्या 😄

सुधाआत्या: गेलेल्या माणसाची चेष्टा नको.

पिंट्या: सॉरी.

डॉक्टरवहिनी: बीपी-शुगरने बारीक नस गेली असेल तर ॲस्पिरिन चालते आत्या. ठोके बिघडून हृदयातून गुठळी येत असेल तर तेवढ्याने भागत नाही, दुसरं औषध लागतं.

दादा: ईसीजी तर नॉर्मल होता.

डॉक्टरवहिनी: तो १० सेकंदांचा. ठोके मधूनच बिघडत असतील तर त्यात सापडायचे कसे? एमआरआयमध्ये डाग दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून हृदयाचा संशय. माईंना कधी धडधड व्हायची का?

मीनाताई: वर्षभर सांगत होती.

मीनाताई: दिवाळीतही. तेव्हा दादा म्हणाला, चहा कमी कर.

दादा: मग तू न्यायचं होतंस डॉक्टरकडे. पुण्यात बसून बोलणं सोपं आहे.

अप्पाकाका: 🙏 आंघोळीला पहिला तांब्या डोक्यावर घेऊ नये...

पिंट्या: अप्पा, माई दुपारी तांदूळ निवडताना पडली.

अप्पाकाका: सकाळी आंघोळ केली होतीच ना.

सुधाआत्या: माईवहिनींसाठी पेज पाठवू का?

डॉक्टरवहिनी: नको आत्या, गिळताना ठसका लागतोय. सध्या नळीनेच.

सुधाआत्या: बरं. आपलं विचारलं.

*दुसऱ्या दिवशी*

डॉक्टरवहिनी: होल्टरमध्ये सापडलं. पहाटे ४ च्या सुमाराला ठोके पार अनियमित. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचतं, गुठळी होते. गळ्याच्या धमन्या ठीक आहेत. पहिल्याच २४ तासांत मिळालं हे नशीब. काहींना आठवडेच्या आठवडे मशीन लावतात, चार-पाचांत एकाचं कारण तर सापडतच नाही. रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू करायची ते मेंदूतला डाग केवढा आहे ते बघून ठरवतील.

दादा: थँक्यू वहिनी. मीना, चहाचं... जाऊ दे. रात्री मी थांबतो.

मीनाताई: मी सकाळच्या बसने येते.

अप्पाकाका: पहाटे ४ म्हणजे थंडीचीच वेळ ना? 🙏 आंघोळीला पहिला तांब्या...