जुनी आरसी (रिमोटवर चालणारी) बग्गी पूर्ण खोलली, आता साफ कशानं करू?

संत्रानगरी_आरसी: भाऊ, सेकंडहँड १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी) बग्गी घेतली, आधीच्या मालकानं काळ्या मातीत पळवून तशीच ठेवलेली दिसते. सगळी खोलून बसलोय, बेअरिंग करकर वाजून राहिल्या, डिफमधलं (चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डबीतलं) ग्रीस डांबरासारखं झालं. पेट्रोलनं धुतलं तर चालते का?

गिअरबॉक्स४४०: पेट्रोल नको बे, भडका व्हायचा, अन् पॉलीकार्बोनेट बॉडीवर उडालं तर तडे जातील. आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, जुन्या टूथब्रशनं घास. बेअरिंगचं रबर सील पिननं अलगद उचल, धुऊन वाळव, एक थेंब पातळ तेल. तरीही करकरली तर सरळ बदल, जीव लावू नको.

टायरघासू: अन् मोटर परत बसवताना पिनियन-स्परच्या (मोटरवरचा लहान गिअर अन् त्याला लागणारा मोठा गिअर) मधात कागदाची पट्टी दाबून स्क्रू कस, मग पट्टी काढ, तेवढाच गॅप पाहिजे. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू जाते तिथंच, प्लास्टिकला लागलं तर ते तडकते.

संत्रानगरी_आरसी: बरं झालं विचारलं. अल्कोहोल सीताबर्डीत भेटेल ना?

गिअरबॉक्स४४०: हो, मोबाईल रिपेअरच्या सामानवाल्याकडे विचार. पंख्याखाली बसू नको फक्त, सर्क्लिप (दांडीवरची बारकी स्प्रिंगची कडी) उडाली की गेली.