दिवसभर पावत्या हाताळल्या तर अंगात काही जातं का?

प्रश्न

मी बिलिंग काउंटरवर असते. आठ तासांची पाळी, हातातून पावत्या सतत जातच असतात. संध्याकाळी अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक पिठाळ, गुळगुळीत लागतं. साबणाने धुतल्यावरच जातं. इतके दिवस मला ती शाई वाटायची. आता मला पाचवा महिना आहे आणि सोबतची म्हणाली, या कागदात रसायन असतं, जप. नोकरी सोडणं शक्य नाही. हे खरंच कातडीतून आत जातं का? काळजी म्हणून मी दर गिऱ्हाइकानंतर हाताला सॅनिटायझर लावते.

उत्तर १

ताई, सॅनिटायझरचं वाचून लगेच लिहायला बसलो. ओल्या हाताने पावती धरणं आजच बंद करा.

मी कागदावरचे लेप तपासायचं काम केलंय. पावतीवर शाई नसतेच. लेपात एक बिनरंगी रंगद्रव्य असतं आणि त्याला रंग आणणारा डेव्हलपर. प्रिंटरची उष्णता लागली की दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळं अक्षर उमटतं. हा डेव्हलपर म्हणजे बरीच वर्षं बिस्फेनॉल ए, बीपीए. प्लास्टिकमध्ये ते साखळीत बांधलेलं असतं. इथे सुटं असतं, कागदाच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के. म्हणूनच ते बोटांना लागतं.

स्वित्झर्लंडमध्ये २०१० साली मोजलं होतं: कोरड्या बोटांनी पावती ५ सेकंद धरली तर सुमारे १ मायक्रोग्रॅम बोटांवर येतं, ओल्या किंवा तेलकट बोटांवर जवळपास दहापट. २०१४ मध्ये अमेरिकेत २४ जणांनी उघड्या हातांनी सलग दोन तास पावत्या हाताळल्या. त्यांच्या लघवीतलं बीपीए लिटरमागे १.८ वरून ५.८ मायक्रोग्रॅमवर गेलं. हातमोजे घातल्यावर लक्षात येईल अशी वाढ झाली नाही. म्हणजे हो, आत जातं. सॅनिटायझर आणि क्रीममधले काही घटक कातडीची अडवणूक सैल करतात, त्यामुळे आणखी जातं.

पोटात गेलेल्या बीपीएचा बराचसा भाग यकृत आधीच निकामी करतं. कातडीतून आलेलं मात्र तो टप्पा चुकवून रक्तात उतरतं. ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, म्हणून गरोदरपणात जास्त जपायचं. कधीमधी पावती घेणाऱ्याची गोष्ट वेगळी; तुमच्या हातात ती दिवसभर असते.

उत्तर २

मीही काउंटरवरच उभी असते. नायट्राइलचे हातमोजे वापर. पहिले दोन दिवस नोटा मोजताना अडखळशील, मग सवय होते. पावती कडेला धरून फाड, मुठीत चुरगळू नकोस. रद्द झालेल्या पावत्या खिशात किंवा डब्याच्या पिशवीत ठेवू नकोस, मी वर्षानुवर्षं तेच करत होते. आणि जेवणाआधी साबण-पाणी, नुसतं सॅनिटायझर नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कागदावर नखाने ओरखडा काढून पाहिला, काळी रेघ उठली. रोलच्या खोक्यावर ‘बीपीएविरहित’ लिहिलंय. मग आमचा कागद ठीक आहे ना?

उत्तर १

नखाच्या रेघेवरून कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षर उमटणारा, आहे एवढंच कळतं, आत काय आहे ते नाही. आणि ‘बीपीएविरहित’वर थांबू नका. युरोपात जानेवारी २०२० पासून थर्मल पेपरमध्ये ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीए चालत नाही, पण त्याच्या जागी पुष्कळ ठिकाणी बिस्फेनॉल एस आलं. ते त्याचंच भावंड, आणि तेही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. ही दोन्ही फिनॉल गटातलीच, म्हणून मागणी करायचीच तर ‘फिनॉलविरहित’ रोल मागा. डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती

हातमोज्यांचं खोकं आजच मागून घेतलं. सॅनिटायझरची बाटली काउंटरवरून उचलून हात धुवायच्या जागी ठेवलीय. रोलचं उद्या विचारते.